दुसरा गिअर

सुवाऊकीच्या पुढे, तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर,
झेनोनच्या फाटकाशी ती उभी होती.
करडी-निळी, काचेआड पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर किंमत, खोडून पुन्हा लिहिलेली:
चौदा हजार झ्लॉटी. आधी पंधरा असावी.

आमच्याकडे जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण सांगतो
की हिचा आधीचा मालक, एक जर्मन म्हातारा,
विकताना ढसाढसा रडला.
गाडी फक्त रविवारी, फक्त चर्चपर्यंत.
एवढे जर्मन खरंच रडले असते
तर ओडर नदीला दरसाल पूर आला असता.

झेनोन रडला नाही.
त्यानं टॉर्च आणला आणि एकेक खोट दाखवत सुटला,
मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघालेल्या बापासारखा.
हे दार फाटकाला घासलंय. लुत्सिनानं.
नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही,
जसं काही फाटक मीच मध्ये आणून ठेवलं होतं.
मागची सीट ओली होते. कुठून, ते कळलं नाही.
आणि थंडीत दुसरा गिअर लगेच टाकायचा नाही.
क्लच दाबायचा, दहा मोजायचे,
तिला मनाची तयारी करू द्यायची.

डिकीत पाइनच्या सुया. आळंब्यांचा वास.
लुत्सिना कुठे आहे, हे मी विचारलं नाही.
ओट्यावर एकच कप पालथा होता.

मी तेरा म्हणाले. तो म्हणाला, बरं.
इतक्या झटकन बरं म्हटल्यावर मलाच पाल चुकचुकली:
माणूस एवढं सांगतो,
तर न सांगितलेलं केवढं असेल?
मेहुणा म्हणाला, वॉरंटी कोण देणार, तो म्हातारा?
मी रात्रपाळीची नर्स. शेवटची बस अकराला जाते.
मला सकाळी सुरू होणारी गाडी हवी होती,
कुणाची गोष्ट नको होती.
कळवते, म्हणाले.
कळवलं नाही.

तीन आठवड्यांनी, महामार्गालगत:
झेंडे, काचेची भिंत, फुकट कॉफीचं यंत्र,
आणि रांगेत तिसरी, ती.
दार गुळगुळीत. आत कसल्याशा समुद्राचा वास,
जो समुद्र कुठेच नसतो.
कॉन्राड नावाचा मुलगा, टोकदार बूट,
म्हणाला, एकहाती गाडी, मॅडम. वयस्कर बाई.
फक्त चर्चपर्यंत.
एकोणीस हजार नऊशे.
काही खोट?
त्यानं कागद पुढे केला. एकशे दहा गोष्टी तपासलेल्या,
एकशे दहा हिरव्या खुणा.
त्यात फाटक नव्हतं.

संध्याकाळी मी झेनोनला फोन लावला.
किती दिले त्यांनी?
अकरा. कागदपत्रं तेच करतात ना.
मग जरा थांबून: पुढचे टायर बदलले का?
मी सांगितलं होतं.
आणि दुसऱ्या गिअरचं?
सांगत होतो. पोरगा फोनवर होता.

साडेएकोणीसला सौदा तुटला. रबरी मॅट फुकट.
वॉरंटी बारा महिने. क्लच त्यात येत नाही,
हे खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.
वरचे साडेसहा हजार कशाचे,
त्याला पावतीवर रकाना नव्हता.

आज उणे चौदा.
रुग्णालयाच्या आवारातून बाहेर पडताना
क्लच दाबून बसले आहे.
सहा. सात.
मागचा हॉर्न वाजवतो आहे, वाजवू दे.
आठ.
समुद्राचा वास उडून गेला, पहिल्याच आठवड्यात.
मागची सीट ओली आहे.
कुठून, ते मलाही कळलेलं नाही.
नऊ.